कमी खर्चात उन्हाळी पूल पार्टी कशी करावी? (सोसायटीत पूल नाही, बजेट आठ हजार)

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलाचा दहावा वाढदिवस, पंधरा-वीस माणसं, पुण्यात राहता, लोणावळ्याच्या बंगल्याचे पंचवीस हजार परवडत नाहीत, इथपर्यंत मी नुसता वाचक होतो. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "भाऊजी म्हणतात, पूल नसेल तर पूल पार्टी कसली?" तिथे मात्र मला उत्तर लिहायला बसावं लागलं. हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, मी आमच्या साडूंच्या तोंडून गेली काही वर्षं ऐकतोय.

आधी बंगल्याचं सांगतो. 2018 च्या मे महिन्यात साडूंच्या आग्रहाने आम्ही दोन कुटुंबांनी मिळून तसाच एक बंगला घेतला होता. कुठला ते जाऊ द्या. 27,000 रुपये, निम्मे माझे. पोहोचल्यावर कळलं की पुलात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच हवेत. नसतील तर भाड्याने घ्या. माझी बायको आणि मेहुणी दोघी पंजाबी ड्रेस घालून आल्या होत्या, त्या दिवसभर काठावर बसून पोरांचे टॉवेल सांभाळत राहिल्या. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, ताटाचे पैसे वेगळे. संध्याकाळी सहाला शिट्टी वाजली आणि पूल बंद. पोरांना पाणी मिळालं एकूण साडेतीन तास. परत येताना गाडीत साडू म्हणाले, "एन्जॉय केलं की नाही?" मी गप्प बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

पुढच्या वर्षी पोराचा नववा वाढदिवस होता. मी जाहीर केलं की या वेळची पार्टी माझी, आणि ती सासुरवाडीला होणार. कराडजवळ सासऱ्यांचं शेत आहे, शेतात विहीर, विहिरीशेजारी सिमेंटचा हौद. 12 फूट बाय 8 फूट, खोली चार फूट. अडीच फूट पाणी भरलं तर पावणेसात हजार लिटर होतं. मोटारीचा पाइप हौदातच पडतो, त्यामुळे धबधबाही फुकट. मी कागदावर सगळं मांडलं होतं. फक्त एक गोष्ट मांडायची राहिली.

शेतीपंपाची थ्री फेज लाईट तेव्हा आठ तास दिवसा नाहीतर दहा तास रात्री, अशी आलटून पालटून असायची. कुठल्या आठवड्यात काय, हे गावात पोराटोरांना पाठ असायचं. आम्ही शनिवारी सकाळी अकराला दोन गाड्या भरून पोहोचलो, पोरं गाडीतूनच चड्डी-बनियनवर उतरली आणि हौदाकडे धावली. हौद कोरडा ठणठणीत. तळाला वाळलेल्या शेवाळाच्या पापड्या, एका कोपऱ्यात मेलेला बेडूक.

सासरे शांतपणे म्हणाले, "लाईट रातीची हाय ह्या आठवड्याला, पाव्हणं. पोरीला फोनवर सांगितलं हुतं की."

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही शेडनेटचा भाव करत होता."

साडूंनी गॉगल काढून हौदात डोकावलं, पुन्हा गॉगल लावला आणि म्हणाले, "वा! पूल पार्टी. फक्त पूल आणायचा राहिला."

तो दिवस कसा गेला ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे. सासूबाईंनी पोरांच्या हातात खराटे आणि काथ्या दिला. विहिरीवरून पोहऱ्याने चार-पाच बादल्या पाणी शेंदून आणलं, टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग) पावडर टाकली आणि अकरा पोरं तो हौद घासायला लागली. घरी चहाचा कप विसळत नाहीत ती पोरं! बेडकाचा अंत्यविधी झाला, त्याला झेंडूचं फूल मिळालं. भर दुपारी सगळी चिंचेच्या सावलीत. कलिंगडं शेजारच्या रानातून आणली होती, दहा रुपये किलोने, ती सुरीने न कापता बुक्की मारून फोडली. बिया कोण लांब थुंकतो याची स्पर्धा तासभर चालली. त्यात साडूंची थोरली जिंकली हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. संध्याकाळी भेळ, केक, मग चिकन-भाकरी. पोरं दर दहा मिनिटांनी विचारत होती, लाईट कधी येणार.

रात्री 9:50 ला आली. स्टार्टर ऑटोवर होता, त्यामुळे आम्ही काही करायच्या आत विहिरीकडून घुर्र आवाज झाला. पाइपाने आधी दोन-तीनदा हवा ओकली, मग गंजाचं लालसर पाणी आणि चिंचेचा पाला आला, आणि मग एकदम मनगटापेक्षा जाड, पांढरी धार हौदाच्या तळावर आपटली. पोरांनी जो आरडाओरडा केला तो वस्तीवरच्या कुत्र्यांनी उचलून धरला. मी गाडी पुढे घेऊन हेडलाईट हौदावर सोडले. हौद अर्ध्या तासात अडीच फूट भरला. सिमेंटच्या भिंती दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होत्या, त्यामुळे पाणी गार असूनही बोचत नव्हतं. पंक्चरवाल्याकडून आणलेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा होत्या, त्यांवर पोरं पालथी पडून एकमेकांना ढकलत होती. बायको आणि मेहुणी त्याच पंजाबी ड्रेसमध्ये पाण्यात उतरल्या. कुणी शिट्टी वाजवली नाही.

आणि साडू? आधी काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. मग पाय पाण्यात. अकरा वाजता बघतो तर पाण्यात बनियनवर, डोळे मिटून, मोटारीच्या धारेखाली मांडी घालून बसलेले, पिंडीवर अभिषेक चालावा तसे. पाऊण तास हलले नाहीत. माझ्याकडे फोटो आहे. तरी आजही कुठल्याही लग्नात विषय निघाला की म्हणणार, "हौदात डुंबणं वेगळं, पूल पार्टी वेगळी."

खर्च सांगतो, कारण तुम्ही तोच विचारलाय. कलिंगड 300, टीसीएल पावडर 40, ट्यूबा 500, चिकन चार किलो 760, भेळेचं सामान 420, बर्फ 150, केक 650, भाकरी करायला आलेल्या मावशी 500 आणि हिरवं शेडनेट 860. एकूण 4,180. भाव 2019 चे आहेत, आता वाढवून धरा. यातले शेडनेटचे 860 अक्षरशः पाण्यात गेले, रात्री सावली कुणाला हवी होती?

आता तुमचं. तुमचं किंवा बायकोचं गाव दोन-तीन तासांवर असेल आणि तिथे हौद असेल तर बाकी काही शोधू नका. हौदच म्हणतोय, विहीर किंवा शेततळं नाही. आमच्या पिढीने पाठीला डबा बांधून विहिरीत मुटके मारले हे खरं, पण ते शिकवणारा काका काठावर उभा असायचा. आणि शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

गाव नसेल तर पुण्यातच दोन भाग करा. महापालिकेच्या जलतरण तलावावर तासाचं तिकीट काढून पोरांना मनसोक्त पोहू द्या आणि केक-खाणं घरी ठेवा. पोरांना पाण्याशी मतलब असतो, पाण्याशेजारच्या फुग्यांच्या कमानीशी नाही. कमान आयांच्या स्टेटससाठी असते.

फुगवायचा मोठा टब गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर सोडा. माझाही होता, आमच्या सेक्रेटरींनी परवानगी नाकारली तेव्हा मी त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही. मग हिशेब केला. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीला आयएस 875 या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरतात. 15 सेंटीमीटर पाणी भरलं की तेवढा भार झाला. दीड फूट भरलं तर चौरस मीटरला 450 किलो, वर पोरं उड्या मारणार ते वेगळंच. सेक्रेटरी बरोबर होते. (हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.) टब पार्किंगमध्ये जमिनीवर ठेवा, आणि टँकरवर चालणारी सोसायटी असेल तर तेही नको, शेजारी आयुष्यभर बोलून दाखवतील. आमच्या हौदाचं पाणी सकाळी पाटाने उसाला गेलं, त्यामुळे तिथे कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

वेळ दुपारी चारनंतरची ठेवा. पुण्यात 14 मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराला भिंतीची सावली भिंतीच्या पायातच असते. टब भिंतीला लावून काही मिळत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. पाण्याजवळ एक मोठं माणूस कायम, मोबाईल खिशात न ठेवता घरात ठेवून. आम्ही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या होत्या. पाणी घोट्याइतकं असलं तरी लहान मूल बुडतं, त्यामुळे झालं की टब लगेच रिकामा करा. अडीच फुटात कुणालाही सूर मारू देऊ नका. विजेची वायर, माळा, स्पीकर पाण्यापासून लांब, म्हणूनच मी हेडलाईट वापरले. स्टार्टरला ओल्या हाताने कुणी शिवायचं नाही. शेतात रात्री पायात बूट आणि हातात बॅटरी, सापाचे दिवस असतात. हजार लिटरला टीसीएल पावडर सहा ग्रॅम पुरते, बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ तेवढंच ओता. बर्फ सरबतात घालणार असाल तर निळसर लादी घेऊ नका. खाण्याचा नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम 2018 पासून आहे.

आणि हो, सकाळी माझी गाडी सुरू झाली नाही. रात्रभरच्या हेडलाईटने बॅटरी उतरली होती आणि साडूंनीच धक्का मारला. त्यांनी इथे येऊन लिहायच्या आत मीच सांगून टाकतो.

तुमच्या भाऊजींना बोलावणं जरूर करा, पण खर्च निम्मा-निम्मा असेल तर पैसे आधी घ्या. माझे 2,090 अजून यायचे आहेत. साडूंचं म्हणणं, शेडनेट माझ्याकडेच राहिलं, म्हणून ते 860 हिशेबात धरायचे नाहीत. शेडनेट माझ्याकडे नाही. ते सासऱ्यांच्या टोमॅटोच्या रोपांवर आहे, आणि त्या टोमॅटोची पाटी दर वर्षी साडूंच्याच घरी जाते.