रेडिएशननंतरची मानदुखी: आधी नमुना घ्यायला लावा

ताई, वडिलांच्या घशाच्या कॅन्सरचे शेक (रेडिएशन) संपून वर्ष झालं, आता मान आखडलीय, रात्री झोप नाही, ताप मात्र नाही आणि चोपड्याचे डॉक्टर स्नायूंचं दुखणं म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. आमचे आप्पाही "मान दुखस रे भो" म्हणत रात्रभर कूस बदलायचे. मी डॉक्टर नाही, पण ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

शेक दिलेल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही. घशाच्या मागच्या भिंतीला लागूनच मानेचे मणके. तिथे व्रण राहिला की जंतू आत उतरू शकतात. अन्ननलिका रुंद करून घेतली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. नुसत्या एक्स-रेवर थांबू नका, सुरुवातीला त्यात काही दिसत नाही. सीआरपी, ईएसआर (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला, एमआरआय करा. कॅन्सर मणक्यात पसरला तर दोन मणक्यांमधली गादी सहसा वाचते, जंतुसंसर्ग गादीलाच धरतो. पण खात्री मणक्यातून सुईने काढलेल्या नमुन्यानेच होते.

आमचा घात इथेच झाला. एका मोठ्या रुग्णालयात एमआरआय बघून "आपल्याकडे मणका म्हणजे टीबीच" असं ठरवलं. लगेच टीबीच्या गोळ्या, वर सलाइनमधून अँटिबायोटिक. सुईने नमुना घ्या म्हणून विनवलं, तर "गरज नाही". पुढे मुंबईत नमुना काढला, पण अँटिबायोटिक आधीच सुरू असल्याने कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत) काहीच वाढलं नाही. जंतू कोणता ते कळलंच नाही, औषध अंदाजाने निवडावं लागलं. तोवर आप्पांच्या उजव्या हाताची पकड गेली, सदऱ्याचं बटण लागेना. पेशंट अत्यवस्थ असेल तर औषध अडवून चालत नाही, हे मान्य. आप्पा तर चालत-बोलत होते! हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून अँटिबायोटिक लावण्याआधी विचारा: नमुना घेतला का? तो कल्चर, जीनएक्स्पर्ट (टीबीचा जंतू शोधणारी चाचणी) आणि कॅन्सरसाठी पॅथॉलॉजी, तिन्हीकडे गेला का? उपचार साधारण 6 आठवडे किंवा जास्तही चालतात. दुखणं थांबलं म्हणून मध्येच सोडायचे नाहीत.

आणि कुणी कितीही सांगो, मान चोळणाऱ्या, झटका देणाऱ्या हाडवैद्याकडे नेऊ नका. हात-पाय बधिर झाले, लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मुंबईला नेणार असाल तर रेल्वेची कॅन्सर सवलत विचारा, रुग्णालयाचा दाखला लागतो. शेक कुठे आणि किती ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं माप) दिले ते कागद सोबत घ्या. खिडकीवर झेरॉक्सच द्या, मूळ फाइल हातातून सोडू नका.