केबल लेसिंग शिकताय? आधी दोरा बदला

भाऊ, तुम्ही पाठवलेला केबल लेसिंगचा, म्हणजे वायरचं बंडल एकाच दोऱ्याने ओळीने गाठी मारत बांधल्याचा, फोटो पाहिला. गाठी वाईट नाहीत, पण साधा सुती दोरा आधी फेका. मेण लावलेला नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा घ्या. लेसिंगचा चपटा दोरा सीताबर्डीत नाहीच मिळाला, तर चामडं शिवायचा मेणदोरा सरावाला चालतो. मेणामुळे गाठ सरकत नाही.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- पहिली गाठ क्लोव्ह हिच (दोन वेढे देऊन टोक दुसऱ्या वेढ्याखालून काढायची गाठ), तिच्यावर रीफ नॉट (दोन टोकांची चौकोनी गाठ). ही सैल राहिली की पुढचं सगळं सैल.
- पुढे मार्लिन हिच, म्हणजे बंडलावर थोड्या थोड्या अंतराने घालत जायची, प्रत्येक वेढ्यात अडकून बसणारी गाठ. नवशिके इथंच फसतात. तिच्याऐवजी साधी हाफ हिच (नुसता अडकवलेला वेढा) घालतात. दिसायला दोन्ही सारख्या. पेन्सिलीवर एक गाठ घाला आणि पेन्सिल काढून घ्या. दोऱ्यात गाठ उरली तर मार्लिन, दोरा मोकळा सुटला तर हाफ हिच. मार्लिनचा पुढचा टाका ढिला पडला तरी मागचा धरून राहतो.
- बांधण्याआधी वायर बोटांनी विंचरून समांतर करा. आत पीळ राहिला की वरून कितीही नीट बांधा, बंडल वाकडंच दिसतं.

ओढताना जोर बेताचा ठेवा. इन्सुलेशनवर खळगा पडला तर जास्त झालं. मीही पहिल्या पॅनेलला असंच आवळून ठेवलं होतं, सगळं कापून पुन्हा बांधावं लागलं.

बंडलातून बाजूला वायरचे फाटे काढायचं नंतर पाहू. आधी जुन्या वायरचे दहा-बारा तुकडे घेऊन हातभर बंडल बांधा. मे महिन्यात नागपुरात दुपारी तसंही बाहेर कोण पडतंय!