साक्ष रेकॉर्ड व्हावी, पण यूट्यूबवर नको

तुमच्या मामांना झालेल्या मारहाणीच्या खटल्यात साक्षी सुरू होतायत. नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात मोबाईलवर रेकॉर्डिंग चालेल का, आणि सुप्रीम कोर्ट यूट्यूबवर दिसतं तर आपलं कोर्ट का नाही, असं तुम्ही विचारलंय.

रेकॉर्डिंग अजिबात करू नका. न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय केलं तर फोन जप्त होऊ शकतो, अवमानाची कारवाईही अंगावर येऊ शकते.

सुप्रीम कोर्टाने 2018मध्ये स्वप्नील त्रिपाठी प्रकरणात थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली आणि 27 सप्टेंबर 2022पासून घटनापीठांची (राज्यघटनेचे प्रश्न ऐकणाऱ्या मोठ्या पीठांची) सुनावणी लोकांना दिसू लागली. ते योग्यच झालं. पण तिथे वकील कायद्यावर भांडतात, पिंजऱ्यात साक्षीदार नसतो. सेशन्स कोर्टात एकाची साक्ष चालू असताना बाकीचे साक्षीदार बाहेर थांबवतात, एकाचं ऐकून दुसऱ्याने बोलू नये म्हणून. प्रक्षेपण झालं तर सगळे घरी बसून ऐकतील आणि तयार होऊन येतील. शिवाय सावनेरचा शेतमजूर गावातल्या दांडग्याविरुद्ध सगळं गाव बघत असताना बोलेल का?

रेकॉर्डिंग मात्र व्हायलाच हवं, कोर्टाचं स्वतःचं, आवाजासकट. काठी कोणाच्या हातात होती, असं विचारल्यावर साक्षीदार मागच्या बाकाकडे बघतो, आवंढा गिळतो, बराच वेळ गप्प राहतो आणि म्हणतो, ‘आठवत नाही साहेब.’ स्टेनो टाइप करतो: ‘मला आठवत नाही.’ अपिलात हायकोर्टापुढे एवढंच जातं. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा लिहिण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 280मध्ये होती, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे, पण असा शेरा क्वचितच वाचायला मिळतो. 2017मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक राज्यात किमान दोन जिल्ह्यांतल्या कोर्टांत सीसीटीव्ही बसवायला सांगितले, तेही आवाजाशिवाय. सुरक्षेला ते पुरेसं असेल, पण साक्षीच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही. याचा मला खरंच त्रास होतो, कारण माणसाची सुटका किंवा शिक्षा त्या टाइप केलेल्या ओळींवर ठरते.

तोवर एवढं करा. कोर्ट खुलं असतं, त्यामुळे तुम्ही स्वतः साक्षीदार नसाल तर मागे बसून वहीत लिहून घ्या. मामांची साक्ष संपली की ती त्यांना वाचून दाखवणं बंधनकारक आहे. घाईत ‘वाचली, बरोबर आहे’ म्हणून सही करू नका म्हणावं. शब्द चुकला असेल तर तिथेच सांगायचं. न्यायाधीश दुरुस्ती करतात किंवा निदान हरकत नोंदवून घेतात. मग नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत घ्या आणि वहीशी ताडून बघा.