व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दोन वर्षं ‘नॉट डिटेक्टेड’ आहे, आता एचआयव्हीच्या गोळ्या बंद केल्या तर चालेल का?

नाही, बंद करू नका. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, गोळ्या विषाणूला नव्या पेशींमध्ये संसर्ग पसरवू देत नाहीत. पण सुप्त सीडी४ स्मृतिपेशींच्या (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या) डीएनएमध्ये आधीच जाऊन बसलेल्या विषाणूवर त्यांचा काही इलाज चालत नाही. एकूण सुप्त सीडी४ पेशींत दहा लाखांमागे जेमतेम एखादीच पुन्हा विषाणू तयार करू शकते, पण हा साठा निम्मा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात. शिवाय एखाद्या संसर्गाने ती पेशी जागी झाली की विभागते, आणि प्रत्येक विभाजनात विषाणूच्या डीएनएची नक्कलही सोबत जाते. साठा चिवट राहतो तो यामुळेच. गोळ्या थांबल्या तर बहुतेकांमध्ये २ ते ४ आठवड्यांत लोड पुन्हा वर येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ या औषध-चाचणीत सीडी४ पेशींची संख्या पाहून मधूनमधून औषध थांबवणाऱ्यांमध्ये आजार आणि मृत्यू, दोन्ही जास्त आढळले. मात्र एखाद्या रिपोर्टमध्ये लोड ५० ते २०० (रक्ताच्या दर मिलिलिटरमागे विषाणूच्या प्रती) दिसला म्हणून लगेच घाबरू नका: डोस चुकला होता का ते डॉक्टरांना खरं सांगा आणि तपासणी पुन्हा करा.