प्रॉडक्शन ड्रॉइंगवर भोकाच्या व्यासापुढे ‘२५ एच७’ असे लिहिलेले असते, त्याचा नेमका अर्थ काय?

त्या भोकाचा तयार व्यास २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर यांच्या दरम्यानच असला पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. कॅपिटल एच म्हणजे खालची मर्यादा मूळ मापावरच आहे, तर ७ हा आकडा टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) श्रेणी सांगतो, जी १८ ते ३० मिलिमीटरच्या मापांसाठी २१ मायक्रॉन (०.०२१ मिलिमीटर) असल्याचे आयएसओ २८६ या मानकाच्या तक्त्यात दिलेले आहे. यात जी६ शाफ्ट (भोकात बसणारा दांडा, व्यास २४.९८० ते २४.९९३) बसवल्यास किमान ७ मायक्रॉनची मोकळीक राहते. भोक लहान राहिले तर पुन्हा रीमर (भोक किंचित मोठे करून अचूक मापाला आणणारे हत्यार) फिरवता येतो, पण २५.०२५ झाले की तो भाग रिजेक्टच होतो. मात्र ही खूण केवळ मापाविषयी आहे. भोकाची जागा आणि काटकोन यांच्यासाठी ड्रॉइंगवरील भौमितिक टॉलरन्सच्या (आकार आणि जागेत चालणाऱ्या फरकाच्या) चौकटी स्वतंत्रपणे वाचाव्यात.