वाचकांचे प्रश्न : आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाहीत

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेने नुकतेच ४० फूट लांब, २५ फूट रुंद व ११ फूट उंच सभागृह बांधले. खाली व्हिट्रिफाइड फरशी, भिंतींना गुळगुळीत गिलावा व तैलरंग, वर पीओपीचे छत आणि बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. सभेत मागच्या रांगांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. माइकचा आवाज वाढवला की गोंधळच वाढतो. गणेशोत्सवातल्या भरगच्च कार्यक्रमात मात्र हा त्रास बराच कमी होता. नवी ध्वनियंत्रणा घ्यावी काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नवी यंत्रणा घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या प्रश्नातील गणेशोत्सवाच्या वाक्यातच खरे उत्तर दडलेले आहे.

वक्त्याच्या तोंडून निघालेला ध्वनी श्रोत्यापर्यंत एकदा थेट पोहोचतो आणि त्यानंतर भिंती, छत व फरशी यांच्यावर आपटून शेकडो वेळा पुन्हा पोहोचतो. पहिल्या ५० मिलिसेकंदांच्या आत आलेली परावर्तने कान मूळ ध्वनीतच मिसळून घेतो व त्यांची उलट मदतच होते. त्यानंतर रेंगाळणारा ध्वनी मात्र पुढच्या अक्षरांवर चढतो. स्वर ठसठशीत आणि लांब असतात, व्यंजने क्षणिक आणि दुबळी. म्हणून मागच्या रांगेत ‘काल’ आणि ‘ताल’ यांतला ‘आ’ ऐकू येतो, ‘क’ की ‘त’ हे कळत नाही. माइकचा आवाज वाढवल्यावर थेट ध्वनी वाढतो तितकाच हा रेंगाळणारा ध्वनीही वाढतो, त्यामुळे दोहोंचे प्रमाण तसूभरही बदलत नाही.

ध्वनी ६० डेसिबलने (डेसिबल हे ध्वनीच्या पातळीचे एकक) उतरायला जो वेळ लागतो, त्याला निनादकाल म्हणतात. त्याचे गणित हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने बसवले. १८९५ मध्ये तेथील फॉग संग्रहालयाचे व्याख्यानगृह असेच निरुपयोगी ठरले होते. रिकामे असताना त्यात ध्वनी सुमारे साडेपाच सेकंद घुमत असे. सॅबिनने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या वाढवत ऑर्गनच्या नळीचा आवाज किती वेळ टिकतो हे मोजले आणि उजाडण्यापूर्वी गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे : खोलीच्या घनफुटांना ०.०४९ ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे. येथे शोषण म्हणजे ध्वनी पूर्णपणे गिळणाऱ्या पृष्ठभागाचे चौरस फूट. उघडी खिडकी हा त्याचा आदर्श नमुना होय.

तुमच्या सभागृहाचे आकारमान ११,००० घनफूट आणि फरशी, छत व भिंती मिळून पृष्ठभाग ३,४३० चौरस फूट. हे सर्व पृष्ठभाग इतके टणक आहेत की सरासरी शोषण फार तर ४ टक्के, म्हणजे सुमारे १३७ चौरस फूट धरावे लागेल. यावरून रिकाम्या सभागृहाचा निनादकाल जवळजवळ चार सेकंद येतो. बसलेला माणूस साधारण साडेचार चौरस फुटांइतका ध्वनी शोषतो. ८० माणसे बसली की निनादकाल एक सेकंदाच्या आसपास उतरतो. सभेला २५ जण आले तर तो सव्वादोन सेकंदांवरच राहतो. भाषणाला पाऊण ते एक सेकंद हवा. गणेशोत्सवात तुमच्या सभागृहाचा इलाज प्रेक्षकांनीच केला, तोही फुकट!

उरलेले शोषण छतातून मिळवावे. सुमारे ५०० चौरस फूट, म्हणजे निम्म्या छताला, दोन इंच जाडीच्या रॉकवूलचे (दगड वितळवून केलेल्या तंतूंच्या लोकरीचे), विरळ विणीच्या कापडाने मढवलेले फलक दोन-तीन इंचांची पोकळी सोडून टांगावेत. त्यांचे शोषण ८० टक्के धरले तरी ४०० चौरस फूट मिळतात आणि २५ माणसांतही निनादकाल ०.८ सेकंदावर येतो. पोकळी सोडणे हा निव्वळ कंत्राटदाराचा हट्ट नव्हे : भिंतीला किंवा छताला टेकून हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत, आणि तंतुमय पदार्थ हलत्या हवेलाच अडवतो. कापड आग सहज न धरणारे निवडावे. मंचाच्या वरचा भाग मात्र तसाच टणक ठेवावा, कारण तेथून परतणारा ध्वनी वक्त्याचा आवाज मागे पोहोचवतो. सध्याचे पीओपी छत दिसायला देखणे असले तरी ध्वनीच्या दृष्टीने ती दुसरी भिंतच आहे.

फलक बसवल्यावर मध्यभागी उभे राहून टाळी वाजवून पाहा. ‘टर्रर्र’ असा आवाज आला तर तो समोरासमोरच्या भिंतींमध्ये ये-जा करणारा ध्वनी होय. एका लांब भिंतीवर जाड, भरपूर चुण्यांचा पडदा लावल्यास तो थांबतो. नुसत्या जाजमावर विसंबू नये. ते उंच स्वर शोषते, खालचे तसेच सोडते आणि आवाज कोंदट होतो.

प्रश्न : मी दहा बाय दहाच्या खोलीत तबल्याचा रियाज करतो. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले, तरी तक्रार कायम आहे. डग्गाही विचित्र घुमतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ट्रे आधी काढा, पुठ्ठा चटकन पेटतो आणि त्याचा उपयोग जवळजवळ नाही. शोषक पदार्थ खोलीतला निनाद कमी करतो, ध्वनीला बाहेर जाण्यापासून रोखत नाही. रोखण्यासाठी वजन हवे आणि फटी बंद हव्यात. तीन फुटी दाराखाली पाऊण इंचाची फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाचा एक टक्का झाला. मग दार कितीही जाड असले तरी ते २० डेसिबलहून अधिक ध्वनी अडवू शकत नाही. म्हणून प्रथम चौकटीला रबरी पट्टी आणि खाली झडप बसवावी, तबल्याखाली जाड गादी घालावी, म्हणजे लादीतून खाली जाणारा धक्काही कमी होईल.

डग्ग्याचे कारण खोलीचा चौरस आकार. दहा फुटांच्या अंतरात ५६ आणि ११२ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) आसपासचे कंप साठतात, आणि लांबी-रुंदी सारखीच असल्याने ते एकमेकांवर चढतात. दोन कोपऱ्यांत फरशीपासून छतापर्यंत फूटभर जाडीचे रॉकवूल उभे करावे आणि स्वतः खोलीच्या बरोबर मध्यभागी बसू नये.