वाचकांचे प्रश्न : वेदना, बहिरेपण आणि एका औषधशास्त्रज्ञाची वाट

प्रश्न : मी एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षात असून पुढे पीएच.डी. करण्याचा विचार आहे. परदेशातील एका संशोधकाच्या परिचयात वेदना, श्रवणदोष आणि कर्करोगावरील औषधे असे तीन विषय एकत्र दिलेले वाचले. आमचे मार्गदर्शक मात्र एकाच विषयाला चिकटून राहा असे सांगतात. इतके विखुरलेले काम करून कोणी तज्ज्ञ कसा होतो? (एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे योग्यच आहे, फक्त ‘एक विषय’ कशावरून ठरवायचा, हे पाहावे लागते. रुग्ण तपासणारा डॉक्टर तो अवयवावरून ठरवतो, औषधशास्त्रज्ञ बहुधा ग्राहीवरून ठरवतो. पेशीच्या आवरणात बसलेले आणि ठरावीक रसायन येऊन चिकटले की पेशीच्या आत संदेश धाडणारे प्रथिन म्हणजे ग्राही. तोच ग्राही मज्जारज्जूत असतो, हृदयात असतो आणि अंतर्कर्णातही असतो, त्यामुळे त्याचा पाठपुरावा करणारा माणूस आज वेदनेवर आणि उद्या कानावर लिहिताना दिसला, तरी त्याने विषय सोडलेला नसतो.

आपण वाचलेले संशोधक कोण, हे पत्रात नाही; पण या वर्णनात चपखल बसणारे एक नाव म्हणजे अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, स्प्रिंगफील्ड येथील सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विक्रम रामकुमार. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्यूक विद्यापीठात गॅरी स्टाइल्स यांच्याबरोबर त्यांनी अ‍ॅडिनोसिनच्या ग्राहींवर काम केले. अ‍ॅडिनोसिन हे आपल्याच शरीरात तयार होणारे रसायन. मज्जारज्जूतील त्याचा ‘ए-१’ हा ग्राही जागा झाला की मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश मंदावतो. चहा-कॉफीतील कॅफिन नेमका हाच ग्राही अडवते. म्हणजे सुरुवातीच्या या कामातही वेदनेचा धागा होताच.

त्याच महाविद्यालयात लेनर्ड रायबॅक हे कान-नाक-घसातज्ज्ञ, लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडसारख्या औषधांनी कान कसा बिघडतो, याचा १९८०च्या दशकापासून अभ्यास करत होते. पुढे त्यांचे लक्ष सिसप्लॅटिनकडे वळले. बार्नेट रोझेनबर्ग यांच्या १९६५च्या निरीक्षणातून पुढे आलेले आणि १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे प्लॅटिनमयुक्त औषध असंख्य कर्करुग्णांना जगवते, पण शंखिकेतील (अंतर्कर्णातल्या शंखासारख्या वळणदार नळीतील) ध्वनी टिपायला मदत करणाऱ्या बाह्य केशपेशी मारते. एका कानात या पेशी सुमारे १२,००० असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले ध्वनी जातात. मराठीत बोलायचे तर ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे विरघळतात, त्यामुळे रुग्णाला आवाज ऐकू येतो पण बोलणे कळत नाही, आणि घरचे म्हणतात की यांचे लक्षच नसते.

रायबॅक यांना कान ठाऊक होता, रामकुमार यांना ग्राही. अ‍ॅडिनोसिनच्या ग्राहीला जागे करणारे रसायन कानाच्या गोल गवाक्षावर (अंतर्कर्णाच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्यावर) आधीच ठेवले तर सिसप्लॅटिनची इजा कमी होते, हे त्यांच्या गटाने २००४ साली चिंचिला या प्राण्यात दाखवले. (चिंचिला निवडण्याचे कारण त्याची ऐकण्याची कक्षा माणसाच्या बरीच जवळची आहे.) मग २००८ साली देबश्री मुखर्जी आणि याच सहकाऱ्यांनी ‘टीआरपीव्ही-१’ हा ग्राही पुढे आणला. मिरचीतील कॅप्सेसिन ज्याला डिवचते आणि ज्यामुळे तिखटाची आग होते, तोच हा ग्राही. वेदनासंशोधकांच्या रोजच्या ओळखीचा. सिसप्लॅटिनमुळे तो शंखिकेत वाढतो, त्यातून पेशीत कॅल्शियम शिरते आणि घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात. आरएनएच्या छोट्या तुकड्याने त्याची निर्मिती रोखली, तेव्हा उंदरांचे ऐकणे बरेचसे वाचले.

उंदराला ऐकू येते की नाही, हे कसे कळते, असा प्रश्न आपल्याला पडेल. बेशुद्ध केलेल्या उंदराच्या कातडीखाली बारीक सुयांचे इलेक्ट्रोड बसवतात, कानात ठरावीक पट्टीचा आवाज सोडतात आणि मेंदूच्या तळातून उमटणाऱ्या लहरी पडद्यावर पाहत आवाज पायरीपायरीने कमी करत नेतात. ज्या पायरीला लहरी नाहीशा होतात, तो त्या कानाचा उंबरठा. औषध देण्यापूर्वी एकदा आणि दिल्यानंतर तीन दिवसांनी पुन्हा, असे मोजून फरक काढतात. नंतर शंखिका बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली केशपेशींच्या रांगा मोजायच्या असतात. पीएच.डी.चा बराच काळ या मोजदादीतच जातो, हे आताच सांगून ठेवतो.

प्रश्न : वडिलांना तोंडाचा कर्करोग असून मुंबईत रेडिएशनबरोबर सिसप्लॅटिन सुरू आहे. त्यांना चहा फार लागतो. चहा-कॉफीने या औषधाचे कानावरचे परिणाम वाढतात आणि मिरचीने कमी होतात, असे कोणीतरी सांगितले. यात तथ्य किती? शिवाय कानाला धोका असेल, तर हे औषध बदलून घ्यावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सांगणाऱ्याने वाचलेले खरे असावे, पण ते उंदरांबद्दलचे आहे. तोंडाने दिलेल्या कॅफिनमुळे सिसप्लॅटिनने होणारा श्रवणदोष उंदरात वाढतो, असे वर सांगितलेल्या गटाने २०१९ साली प्रसिद्ध केले. आधी तोंडाने दिलेल्या कॅप्सेसिनमुळे तो कमी होतो, हेही त्याच वर्षी. गंमत अशी की हिरव्या चहातील एक घटक कान वाचवतो, हाही याच गटाचा २०१७चा निष्कर्ष. म्हणजे एकाच कपात दोन्ही बाजूंचे वकील बसले आहेत. उंदराला दिलेल्या मात्रेवरून माणसाचे पथ्य ठरत नाही. वडिलांच्या चहाबद्दल त्यांच्या डॉक्टरांना अवश्य विचारा, पण मिरची वाढवू नका. रेडिएशनने सोललेल्या तोंडाला ती सोसणारच नाही.

औषध बदलण्याचा निर्णय मात्र घरी घेण्यासारखा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोके-मानेच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर झालेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. रेडिएशनबरोबर सिसप्लॅटिनची मोठी मात्रा तीन आठवड्यांतून एकदा द्यावी की लहान मात्रा दर आठवड्याला, हा तिचा प्रश्न होता. मोठ्या मात्रेच्या गटात दोन वर्षांनी ७३.१ टक्के रुग्णांचा रोग मूळ जागी आणि आसपास आटोक्यात राहिला, लहान मात्रेच्या गटात ५८.५ टक्के रुग्णांचा; पण मोठ्या मात्रेने तीव्र दुष्परिणामही अधिक झाले. ज्यांना सिसप्लॅटिन देता येत नाही, त्यांच्यासाठी त्याच रुग्णालयाने डॉसेटॅक्सेल या कर्करोगावरील दुसऱ्या औषधाची चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०२३ साली आले आणि हे औषध रेडिएशनबरोबर उपयोगी ठरले. सिसप्लॅटिन न देण्याच्या कारणांत आधीपासूनचा श्रवणदोष हेही एक कारण धरले जाते. म्हणून वडिलांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली आहे का, हे आधी विचारा. झाली नसेल तर पुढच्या मात्रेपूर्वी करून घ्या आणि कानात गुणगुण सुरू झाली तर ती वयाची म्हणून सोडून देऊ नका.

कान वाचवणारे एक औषध आहे, पण ते मुलांसाठी. सायनाइडच्या विषबाधेवर उतारा म्हणून जुन्या काळापासून ठाऊक असलेले सोडियम थायोसल्फेट अमेरिकेत २०२२ साली शरीरात न पसरलेल्या गाठींच्या बालरुग्णांसाठी मान्य झाले. यकृताच्या कर्करोगाच्या मुलांवरील चाचणीत ते सिसप्लॅटिननंतर ६ तासांनी दिले, तेव्हा श्रवणदोष ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आला. ते प्लॅटिनमला बांधून निष्प्रभ करते, म्हणून आधी गाठीवर परिणाम होऊ द्यायचा आणि मग ते सोडायचे, असा हा ६ तासांचा हिशेब आहे. रोग शरीरभर पसरलेला असेल तर हा हिशेब बिघडण्याची भीती असते. दुसऱ्या एका चाचणीत अशा मुलांचे जगण्याचे प्रमाण कमी दिसल्याने मान्यता मर्यादित राहिली. स्प्रिंगफील्डच्या गटाचे बरेच प्रयोग कानाच्या पडद्यातून सुई घालून औषध आत सोडण्याचे आहेत, ते याच भीतीपोटी.

प्रश्न : मिरचीने डिवचला जाणारा वेदनेचा ‘टीआरपीव्ही-१’ हा ग्राही शोधणाऱ्यांना नोबेल मिळाले. मग त्याला बंद करणारी वेदनाशामक गोळी अजून दुकानात का नाही? (एक निवृत्त शिक्षक, मडगाव)

उत्तर : डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा ग्राही १९९७ साली ओळखला आणि २०२१चे नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासह मिळाले. गोळ्यांचे प्रयत्नही झाले. मात्र हाच ग्राही उष्णता ओळखतो आणि शरीराच्या तापमानावरही त्याची नजर असते, त्यामुळे तो बंद करताच काही स्वयंसेवकांना चांगलाच ताप चढला आणि काहींना चटका बसण्याइतकी उष्णताही नीट जाणवेना. गरम चहाचा पेला ओठाला लागला तरी कळू नये, असे वेदनाशामक कोण घेईल? उलट वाट मात्र चालली : ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी त्वचेवर लावून तिथल्या मज्जातंतूंची टोके काही काळ बधिर करायची. नागिणीनंतर मागे राहणाऱ्या वेदनेसाठी तिला अमेरिकेत २००९ साली मान्यता मिळाली.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी मी नेहमी वेदनाशामक गोळ्या घेते. त्यांनी ऐकू कमी येते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अ‍ॅस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने कानात आवाज येतात व ऐकू कमी येते, पण गोळी थांबवल्यावर ते बहुधा पूर्ववत होते. हृदयासाठी दिली जाणारी लहान मात्रा ही वेगळी गोष्ट, ती भीतीने परस्पर बंद करू नये. बॉस्टनच्या संशोधकांनी अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ पाहणीतून २०१२ साली दाखवले की आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस आयबुप्रोफेन वा पॅरासिटामॉल घेणाऱ्या स्त्रियांत श्रवणदोषाचे प्रमाण काहीसे अधिक होते. तो गोळीमुळेच झाला, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. आपण कोणती गोळी, किती दिवस घेता ते लिहून डॉक्टरांना दाखवा आणि एकदा ऑडिओमेट्री करून घ्या.